उपकरणावलंबी उपगमनातील वैमानिकांच्या चुका

ढग, धुके, पाऊस वा अंधार यांमुळे धावपट्टी दिसत नसताना केवळ उपकरणांच्या वाचनांवरून विमान धावपट्टीच्या रोखाने खाली आणण्याच्या क्रियेस उपकरणावलंबी उपगमन म्हणतात. प्रवासी विमानांच्या उड्डाणात हा टप्पा काही मिनिटांचाच असतो. तथापि विमानवाहतुकीच्या इतिहासातील अनेक भीषण अपघात याच टप्प्यात घडले आहेत. त्यांच्या चौकशी अहवालांत ‘वैमानिकाची चूक’ हे कारण वारंवार आढळते. या चुका कशा घडतात आणि त्यांतून कोणते धडे घेतले गेले, हे महाराष्ट्रातील व महाराष्ट्राशी संबंधित अपघातांवरून चांगले स्पष्ट होते.

पद्धतीचा विकास : बाहेरचे काहीही न पाहता केवळ उपकरणांच्या साहाय्याने विमान उडविण्याचा व उतरविण्याचा प्रयोग अमेरिकन वैमानिक जेम्स डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी यशस्वी केला. दुसऱ्या महायुद्धानंतर आयएलएस ही उपकरण-अवतरण प्रणाली जगभर प्रचारात आली. तिच्यात जमिनीवरून दोन रेडिओ शलाका प्रक्षेपित केल्या जातात. ‘लोकलायझर’ ही शलाका धावपट्टीच्या मध्यरेषेचा रोख दाखविते, तर ‘ग्लाइड स्लोप’ ही सु. ३° उतरणीचा मार्ग दाखविते. प्रणालीच्या सर्वसाधारण प्रकारात वैमानिकाला सु. ६० मी. (२०० फूट) उंचीवर निर्णय घ्यावा लागतो. तोवर धावपट्टी वा तिचे दिवे दिसले नाहीत, तर विमान पुन्हा वर नेणे बंधनकारक असते. ज्या विमानतळावर उतरणीचा मार्ग दाखविणारी शलाका नसते, तेथे उंचीचे भान सर्वस्वी उंचीमापकावर व वैमानिकाच्या दक्षतेवर अवलंबून राहते. उंचीमापक हवेच्या दाबावर चालत असल्याने स्थानिक दाब त्यावर अचूक लावावा लागतो. दाबात १० मिलिबारची चूक झाल्यास उंचीत सु. ८५ मी. फरक पडतो.

सह्याद्री व मुंबई : पूर्वेकडून मुंबईकडे येणारे विमान दख्खनचे पठार व सह्याद्रीची रांग ओलांडून समुद्रसपाटीलगतच्या धावपट्टीवर उतरते. पावसाळ्यात घाटमाथा ढगांनी झाकलेला असतो. अशा वेळी विमान कोकणपट्टीवर आले आहे असा समज झाला आणि ते प्रत्यक्षात घाटमाथ्यावरच असले, तर उंचीमापक बिनचूक असूनही अपघात ओढवतो. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम या डच कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान खराब हवेत सांताक्रूझ विमानतळाकडे येताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत १३ अमेरिकन पत्रकार होते.

याहून बोधप्रद उदाहरण जुन्नरनजीकच्या अपघाताचे आहे. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईकडे येत असता दावंड्याच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण ठार झाले. विमानतळ तेथून सु. ८० किमी.हून अधिक दूर होता. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत, अशी वैमानिकाची समजूत झाली होती व त्यामुळे त्याने विमान वेळेआधीच खाली आणले, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. उपलब्ध मार्गदर्शक साधनांवरून स्थानाची खात्री करून न घेणे, किमान सुरक्षित उंचीची मर्यादा न पाळणे आणि या प्रदेशाच्या भूरचनेचा अपरिचय ही साहाय्यक कारणे नोंदविली गेली. सतरा वर्षांनी, ४ ऑगस्ट १९७९ रोजी, पुण्याहून मुंबईला येणारे इंडियन एअरलाइन्सचे एचएस-७४८ विमान पनवेलजवळील किरोळीच्या डोंगरांत कोसळून ४५ जणांचा बळी गेला.

उपकरणांकडून दृष्टीकडे : दुसऱ्या प्रकारच्या चुका उपकरणांवरील नजर बाहेर वळते त्या क्षणी घडतात. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी जवळच्या जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले व ती ओलांडून पुढे गेले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमानही १९५३ साली असेच जुहूला उतरले होते. एकच चूक दोनदा घडते, तेव्हा ती केवळ व्यक्तीची राहत नाही. शेजारीशेजारी असलेल्या, जवळजवळ एकाच दिशेच्या धावपट्ट्यांचा त्यात वाटा असतो. २२ जून १९८२ रोजी सहार विमानतळावर जोरदार पावसात एअर इंडियाचे बोइंग ७०७ विमान धावपट्टीवर आदळले व १११ पैकी १७ जण दगावले. उंचीचे भान सुटल्याने जमिनीला टेकण्यापूर्वी १२ सेकंद एंजिनांची शक्ती कमी केली गेली, हे त्याचे कारण ठरले.

मुंबईहून अहमदाबादला गेलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचा १९ ऑक्टोबर १९८८ रोजीचा अपघात या प्रकाराचा नमुनाच होय. सकाळच्या धूसर हवेत दोघेही वैमानिक धावपट्टी शोधण्यात गुंतले आणि उंचीमापकाकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही. विमान धावपट्टीपूर्वीच कोसळले व १३५ पैकी १३३ जणांचा मृत्यू झाला. एकाने बाहेर पाहावे व दुसऱ्याने उपकरणांवर नजर ठेवावी, हा नियम तेव्हाही होताच. तो पाळला जाईल अशी व्यवस्था मात्र अपुरी ठरली.

उपाययोजना : १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे विमान उपगमनात अकाली खाली येऊन डोंगरावर आदळले व ९२ जण मरण पावले. जुन्नरच्या अपघाताशी याचे साम्य स्पष्ट आहे. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांत भूसान्निध्य-इशारा यंत्रणा सक्तीची झाली. जमीन जवळ येताच ती ध्वनीद्वारे इशारा देते. १९९० नंतरच्या दशकात तिला भूप्रदेशाच्या नकाशाची जोड मिळून समोरच्या डोंगराचा इशारा आधीच मिळू लागला. कप्तानाची चूक सहवैमानिकाने निःसंकोच दाखवावी, या दृष्टीने सहकार्याचे प्रशिक्षण देण्याची कल्पना १९७९ मध्ये ‘नासा’ने भरविलेल्या परिसंवादातून पुढे आली. ठरावीक उंचीवर विमानाचा वेग, मार्ग व उतरण मर्यादेत नसल्यास प्रयत्न सोडून द्यावा, हा ‘स्थिर उपगमना’चा नियमही रूढ झाला.

इशारा मिळणे आणि तो मानणे यांतील अंतर मात्र पुढेही राहिले. मंगळूरु येथे २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान फार उंचावरून आले. सहवैमानिकाने तीनदा वर जाण्यास सुचविले, यंत्रणेनेही इशारे दिले, तरी कप्तानाने उतरण्याचा आग्रह सोडला नाही. त्यात १५८ जण मृत्युमुखी पडले. कोझिकोड येथे ७ ऑगस्ट २०२० रोजी पावसात, पाठीमागून वारा असताना त्याच कंपनीचे विमान धावपट्टीवर बरेच पुढे टेकले व टोकापलीकडील घळीत कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले. चौकशी अहवालाने नियमभंगाबरोबरच दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी तेथे पुरेसे कप्तान उपलब्ध नसल्याचाही निर्देश केला.

समालोचन : अपघाताच्या चौकशीचा उद्देश दोष वा दायित्व ठरविणे हा नसून पुनरावृत्ती टाळणे हा आहे, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमावलीत नमूद आहे. ‘वैमानिकाची चूक’ हे खरे कारण असले, तरी ते अखेरचे कारण असते. थकवा, अपुरी साधने, सदोष वेळापत्रक, अपरिचित प्रदेश व वरिष्ठासमोरील संकोच हे घटक त्याच्या आधी कार्यरत असतात. कर्मचारी मृत झाल्यास आपली बाजू मांडण्यास ते उरत नाहीत व दोष सहजच त्यांच्या नावे जमा होतो. मात्र तेवढ्यावर चौकशी थांबली, तर पुढील विमानातील प्रवाशांना तिचा उपयोग होत नाही. जेथे एका माणसाची चूक दुसऱ्या माणसाने, यंत्राने वा नियमाने वेळीच अडविण्याची सोय करण्यात आली, तेथेच या अपघातांना आळा बसला, असे या इतिहासावरून दिसते.