वर्षातून दोनदा माहेर

आज जपानची गोष्ट सांगते. कामसू माणसांचा देश म्हणून आपण त्याचं नाव ऐकतो. पण तिथे सुट्टी कशी आली आणि बाईच्या वाट्याला किती आली, हे फारसं कोणी सांगत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी तिथे रविवार नव्हता. दुकानात, मोठ्या घरात राबणाऱ्या पोरापोरींना वर्षातून दोनच दिवस घरी जायला मिळायचं. पहिल्या महिन्याची १६ तारीख आणि सातव्या महिन्याची १६ तारीख. याला 'याबुइरी' म्हणत. मालक नवे कपडे नि थोडे पैसे देई. ज्यांचं गाव लांब, ती मुलं जत्रेत नाहीतर नाटकाला जात. सुनाही याच दिवशी माहेरी जायच्या. लोक म्हणत, त्या दिवशी नरकातल्या कढईचंही झाकण उघडतं, तिथले राक्षससुद्धा सुट्टीवर असतात! म्हणजे यमाच्या नोकरांना आणि सासुरवाशिणीला सुट्टी सारखीच.

१८७६ पासून सरकारी कचेऱ्या रविवारी बंद राहू लागल्या. गिरण्या मात्र चालूच. रेशमाच्या आणि सुताच्या गिरण्यांत बहुतेक शेतकऱ्यांच्या मुली होत्या. बापाने उचल घेतलेली, मुलगी गिरणीच्या वसतिगृहात. गरम पाण्यातल्या कोशांतून धागा काढायचा, दिवसाला बारा-बारा, चौदा-चौदा तास. १९११ साली कारखान्यांचा कायदा झाला, पण लागू व्हायला १९१६ उजाडलं. त्यात बायकांना आणि १५ वर्षांखालच्या मुलांना महिन्याला किमान दोन सुट्ट्या ठरल्या. लहान कारखाने त्यातून सुटले. बायकांची रात्रपाळी बंद व्हायला तर १९२९ साल यावं लागलं.

महायुद्धानंतर, १९४७ च्या कायद्याने आठ तासांचं काम, आठवड्याला एक सुट्टी आणि वर्ष भरल्यावर सहा दिवस भरपगारी रजा दिली. आणखी एक गोष्ट दिली. पाळीच्या दिवसांत काम झेपत नसेल तर बाईने रजा मागावी, मालकाने तिला कामाला लावू नये. त्या काळी कामाच्या जागी धड संडास नव्हते, पाळीसाठी कापूसही मिळत नव्हता. कामगार बायकांनी ही मागणी लावून धरली होती. पण त्या दिवसाचा पगार द्यायचा की नाही, हे कायद्याने सांगितलंच नाही.

आज तिथे वर्षाला १६ सार्वजनिक सुट्ट्या आहेत. भरपगारी रजा १० दिवसांपासून सुरू होते, नोकरी जुनी झाली की २० पर्यंत जाते. तरी कितीतरी वर्षं लोक निम्मीच रजा घेत राहिले. आपण गेलो तर आपलं काम शेजारच्याच्या अंगावर पडेल, हा संकोच. शिवाय आजारपणासाठी बरेच जण तीच रजा राखून ठेवतात. फिरून आलं की ऑफिसात सगळ्यांना मिठाई वाटायची पद्धत आहे. मला ती आधी फार गोड वाटली. नंतर वाटलं, तिच्यात थोडी माफीही असावी.

शेवटी २०१९ पासून सरकारने मालकांवरच बंधन घातलं. ज्याला १० दिवस रजा आहे, त्याला वर्षात पाच दिवस तरी घ्यायला लावायची, नाहीतर दंड. पाळीच्या रजेसाठी असं कोणी मालकांच्या मागे लागलं नाही. सरकारी पाहणीत ती मागणाऱ्या बायका शंभरात एकही भरली नाही. मागायची तर साहेबाला सांगावं लागतं, आणि साहेब बहुतेक ठिकाणी पुरुषच असतो.