‘सा’च हलतो तेव्हा: हॉकिन्सचं ‘बॉडी अँड सोल’

हेडफोन असतील तर लावा, आज तीन मिनिटांची एकच रेकॉर्ड ऐकायची आहे.

११ ऑक्टोबर १९३९, न्यूयॉर्क. टेनर सॅक्सोफोनवाला कोलमन हॉकिन्स पाच वर्षं युरोपात काढून नुकताच परतलेला. तेवढ्यात लेस्टर यंगसारखे लोक गाजायला लागले होते. म्हणजे चौतिसाव्या वर्षीच ‘याच्यात अजून दम आहे का?’ हा प्रश्न! त्या दिवशी त्याने जॉनी ग्रीनचं १९३० सालचं ‘बॉडी अँड सोल’ वाजवलं. मूळ चाल सुरुवातीला जेमतेम दिसते, मग गायब. पुढे दोन आवर्तनं, ६४ मात्रागट, तो फक्त कॉर्ड्सच्या आधाराने नवी चाल रचत जातो.

हे का भारी आहे, ते मला कीबोर्डवर आपटल्यावर कळलं. गाण्याची रचना सोपी: आठ-आठचे चार भाग, त्यातला तिसरा वेगळा. गाणं डी फ्लॅटमध्ये आहे. पहिला कॉर्ड मात्र घरचा नाही, ‘रे’वरचा मायनर आहे, घर थोडं उशिराने येतं. तिथपर्यंत माझं ठीक चाललं होतं. तिसऱ्या भागात मी तेच सूर वाजवत राहिलो आणि सगळं बेसूर!

कारण तिथे ‘सा’च अर्धा सूर वर सरकतो, डी मेजरमध्ये. आपल्या तानपुऱ्याच्या कानाला हे पचत नाही. जुन्या सात सुरांतले फक्त दोन सूर नव्या घरात चालतात. पण ते दोन कोणते बघा: जुना ‘सा’ नवा शुद्ध ‘नी’ होतो आणि जुना शुद्ध ‘म’ नवा ‘ग’. आणि मेजर सेव्हन्थ कॉर्डचा रंग ठरतो तो नेमका याच दोन सुरांवर! मी आठवडाभर बाकी सगळं सोडून या दोन सुरांवरच थांबायला शिकलो. चार मात्रागटांनंतर घर पुन्हा बदलतं, सी मेजर. मग सी, बी, बी फ्लॅट असे सेव्हन्थ कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत आपल्याला सुरुवातीच्या मायनरवर आणून सोडतात.

हॉकिन्स ही उतरण लपवत नाही. प्रत्येक कॉर्डचे सूर खालीवर फिरवून तो ती ऐकवतो. कॉर्ड्सची नावं माहीत नसली तरी जमीन सरकलेली कळते.

आता परत लावा. डोळे मिटा आणि तिसरा भाग आला की बोट वर करा.