पंख्याच्या पट्ट्याची पूर्वपीठिका
मोटारगाडीच्या आद्य काळात एंजिनाची गती पंख्यापर्यंत पोहोचविण्याचे काम चामड्याच्या किंवा तागाच्या पट्ट्यांवर सोपविलेले असे. परंतु हे पट्टे ओलाव्याने सैल पडत, चाकावरून घसरत, आणि त्यांच्या बदलीची तजवीज वारंवार करावी लागे. अमेरिकेतील डेन्व्हर शहरी, जो कारखाना चार्ल्स गेट्स यांनी १९११ साली विकत घेतला होता, तेथेच त्यांचे बंधू जॉन गेट्स यांनी १९१७ साली रबर व सूत यांचा, छेदात पाचरीसारखा निमुळता पट्टा सिद्ध केला. हा पट्टा खोबणीच्या तळावर न टेकता तिच्या दोन्ही तिरप्या भिंतींत रुतून बसतो, आणि भार वाढेल तसतशी त्याची पकडही दृढ होते. इतक्या अल्प साधनाने इतके मोठे कार्य साधल्याची उदाहरणे यंत्रविद्येच्या इतिहासात मला विरळाच वाटतात.

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाटमध्ये असाच एक पट्टा पंखा, पाण्याचा पंप व डायनामो या तिघांना फिरवी. तो जीर्ण झाला की मिस्त्री डायनामोचे बोल्ट सैल करून तो एंजिनाकडे ढकलीत, नवा पट्टा चढवीत, आणि डायनामो पुन्हा बाहेर ओढून धरून, अंगठ्याच्या दाबाने ताण अजमावूनच बोल्ट आवळीत. या अंगठ्याच्या ज्ञानाची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही, आणि ती असायला हवी होती.

१९७९ साली फोर्ड मस्टँगमध्ये अनेक कंगोऱ्यांचा एकच नागमोडी पट्टा आला. निओप्रीनचे पट्टे भेगा पडून मुदत संपल्याची वर्दी देत. ईपीडीएम रबराचे पट्टे मात्र बहुधा भेगांवाचूनच झिजतात, म्हणून त्यांच्या खाचांची खोली मापकानेच तपासावी लागते.