मराठी अक्षरांचे स्थलांतर

नाशिकच्या एखाद्या डीटीपी दुकानात नव्वदच्या दशकात रचलेल्या लग्नपत्रिकेतील मजकूर आज ब्राउझरमध्ये चिकटवून पाहा; गणरायाच्या नावाऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. पुण्यात घडलेली ‘श्रीलिपी’ किंवा सी-डॅकचे ‘आयएसएम’ संगणकावर बसवावे लागे. तेथील मराठी अक्षर म्हणजे रोमन संकेतांकावर चढवलेले चित्र. तो फाँट नसेल तर मजकूरही नाही. (छपाई मात्र देखणी, हे मान्य करावेच लागेल.) १९९१ च्या युनिकोडने देवनागरीला स्वतःचे संकेतांक दिले. म्हणूनच २००६ मध्ये आलेल्या गूगल डॉक्समध्ये लिहिलेले मराठी कोणत्याही यंत्रावर वाचता येते. पण ते आता दूरच्या सर्व्हरवर राहते. जुन्या फायली युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे अजूनही डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात.