रस्त्यावरचा बैल आणि अंगणातला कुत्रा

दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, खंडोबाच्या सोबतही कुत्रा असतो, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव आपल्याला लहानपणीच भेटतात. नृसिंहवाडीची वारी करणाऱ्या आपल्या बेळगाव-निपाणी भागाला भूतदया वेगळी शिकवायला नको, असा आपला समज आहे. तरीही आखूड साखळीला जन्मभर बांधलेले आणि म्हातारपणी शिवेबाहेर नेऊन सोडलेले कुत्रे आपल्याच गल्लीतले असते. अशा मालकाला कायदा किती दंड करतो? पन्नास रुपये, आणि तोही जास्तीत जास्त. हा आकडा कुठून आला, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

१९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून सुरुवात मुंबईपासून करू. जून १८३२ मध्ये त्या शहरात मोठी दंगल उसळली ती कुत्र्यांवरून. मोकाट कुत्री मारणाऱ्यांना सरकार दर कुत्र्यामागे बक्षीस देई. त्या लोभाने मारेकरी घरांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी मंडळी स्थापन झाली आणि १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ निघाले.

लोक जागे होते, कायदा मात्र वेगळ्याच नजरेने पाहत होता. १८६० च्या दंडसंहितेत जनावर म्हणजे मालमत्ता. दहा रुपये वा अधिक किमतीचे जनावर मारले किंवा जायबंदी केले तर गुन्हा, आणि गुन्ह्याचे नाव आगळीक, म्हणजे नुकसान करणे. गावठी कुत्र्याची किंमत दहा रुपये कोण लावणार? १८९० च्या कायद्याने प्रथमच क्रौर्य हा शब्द देशभर नेला, पण त्याची हद्द होती रस्ता आणि लोकांची ये-जा असलेली जागा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीपुढे खांदा सुजलेल्या बैलावर चाबूक ओढला तर गुन्हा. परसदारी, कोणाच्या दृष्टीस न पडता, कुत्र्याला तसेच मारले तर नाही.

उंबरठ्याच्या आत कायदा आणण्याचे श्रेय रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे. नृत्यासाठी त्या सर्वांना ठाऊक आहेत. राज्यसभेत त्यांनी या विषयावर स्वतःचे विधेयक आणले होते, हे कमी जणांना माहीत असते. सरकार स्वतः कायदा करील, असे नेहरूंनी सांगितल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० मध्ये आजचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याचे अकरावे कलम आवर्जून वाचावे असे आहे. अन्न, पाणी, निवारा न देणे, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, पाळलेला जीव वाऱ्यावर सोडणे, हे सारे त्यात गुन्हे म्हणून लिहिले आहे. इतका बारीक विचार करणाऱ्यांनी शिक्षेपाशी हात का आखडला, हे कळत नाही. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. १९६० मध्ये दहा ग्रॅम सोने शंभर-सव्वाशे रुपयांना मिळे, तेव्हा पन्नास रुपयांना वजन होते. आज त्या पैशात दोघांचा चहा-नाश्ताही होत नाही. शिवाय यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आणि तीन महिन्यांत खटला गुदरला नाही तर विषयच संपला.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या निकालात हा दंड अपुरा असल्याचे नोंदवून संसदेकडून दुरुस्तीची अपेक्षा व्यक्त केली. त्याच निकालाने बैलगाडा शर्यतीही थांबल्या, आणि मग जे घडले ते आपण सीमेवरच्या लोकांनी नीट पाहावे. एरवी कशावरही एकमत नसलेल्या मुंबई आणि बंगळूर या दोन्ही सरकारांनी २०१७ मध्ये याच कायद्यात आपापली दुरुस्ती केली: महाराष्ट्राने शर्यतींसाठी, कर्नाटकाने कंबळ आणि शर्यतींसाठी. महाराष्ट्राने तर शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. २०२३ मध्ये न्यायालयाने या दुरुस्त्या उचलून धरल्या. बेंदराला बैलाची पूजा करणाऱ्या आपल्या भागात शर्यतींचा आनंद झाला, तो साहजिक होता. पण कायदा उघडून हातात घेतलाच होता, तर पन्नासाचा आकडा बदलायला एक ओळ पुरली असती. ती दोघांनीही लिहिली नाही.

केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये कडक शिक्षेचा मसुदा लोकांपुढे ठेवला. अघोरी क्रौर्याला किमान पन्नास हजार रुपये दंड किंवा एक ते तीन वर्षे कैद, असे त्यात होते. तो अजून कायदा झालेला नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेने मात्र दहा रुपयांची जुनी अट काढली. कोणतेही जनावर मारले वा जायबंदी केले तर आता पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उपाशी ठेवणे, बांधून ठेवणे, टाकून देणे हे अजून पन्नास रुपयांतच आहे. हा विषय समवर्ती सूचीतला असल्याने त्यासाठी बंगळूरला दिल्लीच्या विधेयकाची वाट पाहण्याचे कारण नाही. राष्ट्रपतींची संमती लागते, ती शर्यतींच्या वेळीही मिळाली होती.