पर्यटन पाहणी, एकदिवसीय प्रवासाची

घराबाहेर रात्र न काढता त्याच दिवशी परत येणाऱ्या देशांतर्गत प्रवाशांची संख्या व त्यांचा खर्च कुटुंबांच्या नमुना पाहणीतून अजमावण्याची पद्धती. राष्ट्रसंघाने १९३७ मध्ये परदेशी पर्यटकाची व्याख्या करताना किमान चोवीस तासांच्या वास्तव्याची अट घातली. रोम येथे १९६३ मध्ये भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने ‘अभ्यागत’ ही व्यापक संज्ञा स्वीकारून तिच्यात मुक्कामी पर्यटक व त्याच दिवशी परतणारा सहलकरी असे दोन वर्ग पाडले. ही विभागणी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होती. देशातल्या देशात फिरणाऱ्यांची कोणत्याही नाक्यावर नोंद होत नसल्याने त्यांची मोजणी त्यांच्या घरी जाऊनच करावी लागते.

घरोघर पाहणी सुरू होण्यापूर्वी यात्रेकरूंची गणना वेशीवर होत असे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची नगरपालिका यात्रेकरूंकडून कर घेई व त्याची वसुली हा यात्रेच्या आकारमानाचा एक आधार असे. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये आणि बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरला १९०६ मध्ये पोहोचली. त्यानंतर विकल्या गेलेल्या तिकिटांची त्यात भर पडली. पटकीच्या साथींमुळे यात्रेतील पाणी व स्वच्छता हा प्रशासनाच्या चिंतेचा विषय बनला होता. ही व्यवस्था मुक्कामी व परतीचा असा भेद पाहून करता येत नाही. मात्र वेशीवरील गणनेतून यात्रेकरू किती दिवस राहिला आणि त्याने काय खर्च केला, हे कळत नसे.

राज्यांच्या पर्यटन खात्यांकडून केंद्राकडे जाणारे देशांतर्गत पर्यटकांचे आकडे पुढे मुख्यतः निवासगृहांच्या नोंदींवर आधारले गेले. धर्मशाळेत, नातेवाइकांकडे किंवा नदीच्या वाळवंटात राहणारा यात्रेकरू त्यांतून बव्हंशी निसटतो, तर सायंकाळच्या गाडीने परतणारा त्यांत येतच नाही. सोलापूर परिसरात ही त्रुटी विशेष जाणवते. तेथून तुळजापूर सु. ४५ किमी., अक्कलकोट सु. ४० किमी. आणि पंढरपूर सु. ७० किमी. अंतरावर आहे. शहराच्या शुक्रवार पेठेतील एखादे कुटुंब मंगळवारी तुळजाभवानीच्या, गुरुवारी स्वामी समर्थांच्या किंवा एकादशीला विठ्ठलाच्या दर्शनास सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत घरी येऊ शकते. तिन्ही ठिकाणच्या निवासगृहांच्या दृष्टीने हे कुटुंब तेथे गेलेलेच नसते.

भारतात राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५४ व्या फेरीत (जानेवारी–जून १९९८) कुटुंबांच्या प्रवासाची माहिती घेण्यात आली. तिच्या क्षेत्रकाळात सोलापूरची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा व पंढरपूरच्या माघी आणि चैत्री वाऱ्या येतात. आषाढी, कार्तिकी व तुळजापूरचे नवरात्र येत नाही. यात्रांच्या प्रदेशात वर्षातील निम्मे महिने वगळणे ही लहान बाब नव्हे. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने देशांतर्गत पर्यटनाची पाहणी केली व तिच्या आधारे २००२-०३ या वर्षासाठी भारताचे पहिले पर्यटन उपग्रह लेखे सिद्ध झाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेख्यांत निरनिराळ्या उद्योगांखाली विखुरलेला पर्यटनाचा वाटा अशा लेख्यांत एकत्र मांडला जातो. ६५ व्या फेरीत (जुलै २००८–जून २००९) या विषयाचीही पाहणी झाली असून तिच्यात मुक्कामी व एकदिवसीय अशा दोन्ही प्रवासांची चौकशी होती. ७२ व्या फेरीत (जुलै २०१४–जून २०१५) विरंगुळा, आरोग्य व खरेदी यांसाठी केलेल्या मुक्कामी प्रवासांकरिता मागील ३६५ दिवसांचा, तर सामाजिक, धार्मिक व अन्य प्रवासांकरिता मागील ३० दिवसांचा संदर्भकाल ठेवला होता. काशीयात्रा वर्षभर आठवते, तुळजापूरची फेरी महिन्यात विसरली जाते. त्यामुळे वारंवार घडणाऱ्या लहान प्रवासांना संदर्भकाल आखूड ठेवणे युक्त ठरते.

कोणता प्रवास पर्यटनात गणावा, हा या पाहणीतील सर्वांत अवघड प्रश्न होय. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या शिफारशींनुसार प्रवास व्यक्तीच्या ‘नित्य परिसरा’बाहेरचा असावा लागतो. हा परिसर वारंवारता, कालावधी, अंतर व प्रशासकीय सीमा यांवरून प्रत्येक देशाने ठरवावयाचा असतो. ऑस्ट्रेलियात दिवसाच्या सहलीस जाऊन-येऊन किमान ५० किमी. अंतर व चार तासांचा कालावधी लागतो. ग्रेट ब्रिटनमध्ये २०११ पासूनच्या पाहणीत किमान तीन तास बाहेर राहणे आणि ती भेट नेहमीची नसणे, अशा अटी आहेत. नेहमीपणाची कसोटी महाराष्ट्रात काटेकोरपणे लावल्यास दर महिन्याची वारी चुकू न देणारा वारकरी पर्यटनाबाहेर पडतो आणि वर्षातून एकदाच जाणारा आत येतो. देवस्थानच्या गावावर पडणारा भार मात्र दोघांचा सारखाच असतो.

खर्चाच्या मोजणीतही असेच पेच आहेत. निघण्यापूर्वी पेठेतील दुकानातून घेतलेले खण-नारळ हा प्रवासाचाच खर्च होय. पण घरून बांधून नेलेली कडक भाकरी व शेंगाचटणी त्यात कशी धरावी, याचा उलगडा उत्तर देणाऱ्यास सहसा होत नाही. उलट दिशेने अक्कलकोटहून सोलापुरास लग्नाचा बस्ता बांधण्यास आलेल्यांची खरेदी मोजली जाते; विक्रीसाठी चादरींचे गठ्ठे नेणाऱ्या व्यापाऱ्याची खरेदी वगळली जाते. एस. टी.च्या प्रवासात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून पूर्ण व महिलांना २०२३ पासून निम्मी सवलत मिळाली. त्यामुळे त्यापूर्वीच्या व नंतरच्या खर्चाची तुलना करताना भाडे कमी झाले म्हणून प्रवास घटला, असा निष्कर्ष काढता येत नाही.

नमुन्याची रचनाही ध्यानात घ्यावी लागते. शहरांतून आधी ठरावीक गट व त्यांतून काही कुटुंबे निवडली जातात. नमुना राज्य व देश यांच्या अंदाजांसाठी बेतलेला असतो. शिवाय खर्चाची नोंद प्रवासी जेथे राहतो तेथे होते. म्हणून शुक्रवार पेठेत भरलेल्या पत्रकावरून सोलापूरकरांनी काय खर्चले याची कल्पना येईल, परंतु आषाढीला पंढरपुरात किती पैसा आला आणि किती माणसांना पाणी पुरवावे लागले, हे कळणार नाही. त्यासाठी गावाच्या प्रवेशमार्गांवर, बसस्थानकात व घाटांवर परतणाऱ्यांची स्वतंत्र पाहणी घ्यावी लागते. २०२० साठी योजलेली पर्यटन खर्चाची राष्ट्रीय पाहणी कोव्हिडच्या साथीमुळे पार पडली नाही. त्या वर्षी आषाढीच्या पालख्याही पायी न जाता पादुका बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. पुढे जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी देशांतर्गत पर्यटन खर्चाची व तिच्या जोडीने कुटुंबांच्या प्रवासाची अशा दोन पाहण्या योजण्यात आल्या.