मराठी ख्रिस्ती अस्मिता आणि स्थानिक मंडळी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात धर्मांतर हा विषय प्रामुख्याने व्यक्तीच्या विचारपरिवर्तनाच्या अंगाने अभ्यासला गेला आहे. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला, या प्रश्नाची चर्चा विपुल झाली. तथापि, बाप्तिस्म्यानंतर ही माणसे नेमकी कोणाची झाली, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. ख्रिस्तावर श्रद्धा असणे आणि एखाद्या गावच्या मंडळीचा सभासद असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा या प्रश्नाचा गाभा होय. प्रस्तुत लेखात अहमदनगर (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) परिसरातील मंडळ्या, पंडिता रमाबाई आणि ना. वा. टिळक यांच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

'मंडळी' या संज्ञेचा अर्थ

मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजात 'चर्च' या अर्थी 'मंडळी' हा शब्द रूढ आहे. बायबलच्या मराठी भाषांतरातही विश्वासणाऱ्यांच्या समुदायासाठी हाच शब्द योजलेला आढळतो. नित्याच्या मराठीत मंडळी म्हणजे घरची माणसे, आपली माणसे. मंदिर म्हणजे उपासनेची इमारत आणि मंडळी म्हणजे तेथे जमणारी माणसे, असा भेद या शब्दयोजनेमुळे आपोआप साधला गेला. ज्याला घरची माणसे दुरावली, त्याला जी नवी माणसे मिळाली, त्यांना 'मंडळी' हे नाव मिळणे अर्थपूर्ण ठरते.

स्थानिक मंडळीची स्थापना आणि तिचे कार्य

१८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत दाखल झाले. १८३१ मध्ये अहमदनगर येथे त्यांचे केंद्र सुरू झाले व १८३३ मध्ये तेथे मंडळीची स्थापना झाली. हे मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेतील होते. या परंपरेत स्थानिक मंडळी ही स्वयंपूर्ण मानली जाते. सभासदांना दाखल करणे, पाळक निवडणे, चुकलेल्या सभासदास शिस्त लावणे हे अधिकार मंडळीकडेच असतात. त्यामुळे 'ख्रिस्ती कोण' हे ठरविण्याचा व्यवहारातील अधिकार तत्त्वतः गावातील सभासदांच्या हाती आला. प्रत्यक्षात मात्र वेतन व व्यवस्था मिशनच्या हाती असल्याने हा अधिकार दीर्घकाळ मर्यादितच राहिला. १८३९ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती यांचा बाप्तिस्मा झाला. १८५४ मध्ये ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली. एतद्देशीय पाळकांच्या हाती मंडळी सोपविण्याच्या दिशेने हे महत्त्वाचे पाऊल होते.

त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे जातीतून बहिष्कार होता. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत यास न्यायालयाच्या आदेशाने पित्याच्या स्वाधीन करण्यात आले. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या या मुलास पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यास जातीत घेण्याचा पक्ष घेतला. परंतु सनातनी वर्गाचा विरोध तीव्र होता. ज्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता, त्याच्या बाबतीत ही स्थिती असेल, तर बाप्तिस्मा घेतलेल्यास परतीची वाट किती अवघड होती, हे सहज लक्षात येते. १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क अबाधित ठेवला. परंतु कायदा पंक्तीला बसवू शकत नव्हता. पंगत, सोयरीक, आजारपणातील शुश्रूषा आणि अखेरीस मूठमाती या सर्व गरजा मंडळीलाच भागवाव्या लागल्या. श्रद्धेचे स्थान आणि आसऱ्याचे स्थान एकच झाले.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांत महार व मांग समाजांतून मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. यामुळे मंडळीचे स्वरूप बदलले. शहरातील मंडळीत वेगवेगळ्या जातींतून एकेकटी आलेली माणसे होती. खेड्यातील मंडळी मात्र बहुधा एकाच वस्तीतील कुटुंबांची होती. तेथे जुने नातेसंबंध तुटले नाहीत. तेच मंडळीत आले. परिणामी जातीची सीमारेषा आणि मंडळीची सीमारेषा अनेक ठिकाणी एकमेकींवर पडल्या. जातिभेद नाकारणाऱ्या धर्मात जातीच्या आठवणी टिकून राहिल्या, याचे एक कारण येथे सापडते. शिवाय अमेरिकन, अँग्लिकन व कॅथलिक अशा निरनिराळ्या मिशनांच्या कार्यामुळे एकाच जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज अनेक पंथांत विभागला गेला. हे पंथभेद युरोप-अमेरिकेच्या इतिहासातून आले होते. येथील शेतमजुराच्या जीवनाशी त्यांचा संबंध नव्हता.

पंडिता रमाबाई : श्रद्धा स्वीकार, पंथ नकार

या पंथभेदांवर प्रखर आक्षेप पंडिता रमाबाईंनी घेतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथाच्या भगिनींच्या आश्रमात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी चर्चच्या अधिकाराविषयी मूलभूत प्रश्न उपस्थित केले. ख्रिस्ताची आज्ञा आणि धर्माधिकाऱ्यांची आज्ञा यांत त्या स्पष्ट भेद करीत. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, संस्कृतमध्ये का नसावीत, हा त्यांचा प्रश्न वरकरणी लहान वाटला, तरी त्यामागे ख्रिस्ती होण्यासाठी इंग्रज होणे आवश्यक आहे काय, हा मोठा प्रश्न होता.

रमाबाईंनी कोणत्याही एका पंथाचे बंधन मानले नाही. परंतु त्या एकाकी ख्रिस्तीही राहिल्या नाहीत. केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त, विधवा व निराधार स्त्रियांचा जो समुदाय उभा राहिला, त्यात एकत्र उपासना, एकत्र श्रम आणि एकत्र भोजन होते. साध्या वाचकास समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. पंथ नाकारणाऱ्या रमाबाईंच्या हातून अखेर एक मंडळीच उभी राहिली, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

ना. वा. टिळक : मंडळी ते दरबार

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळातील ताटातूट आणि सोवळ्याओवळ्याच्या कल्पना हळूहळू गळून पडण्याची प्रक्रिया 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात आली आहे. केवळ मत बदलल्याने माणूस मंडळीचा होत नाही; दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्यापासून त्याची सुरुवात होते, हे लक्ष्मीबाईंच्या अनुभवावरून दिसते.

टिळकांनी अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ कार्य केले. अभंग, भजन व कीर्तन यांच्या द्वारे त्यांनी मराठी उपासनेला वारकरी परंपरेतील रूप दिले. परंतु मिशनचे वेतन घेणारा प्रचारक ही भूमिका त्यांना जाचू लागली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची सेवा सोडली व सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात स्थान होते. बाप्तिस्म्यामुळे मनुष्य स्वकीयांपासून तुटतो, हे त्यांनी स्वतः भोगले होते. ही तुटातूट टाळून ख्रिस्तनिष्ठ होता येईल काय, याचा दरबार हा प्रयोग होता.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्या पश्चात दरबार फार काळ टिकला नाही. पाळक, ठरलेली उपासना, सभासदत्व आणि परस्परांची जबाबदारी यांचा आधार असलेल्या मंडळ्या मात्र टिकल्या. टिळकांची गीतेही याच मंडळ्यांनी जपली. 'उपासना-संगीत' मधून ती आजही गायिली जातात.

विसाव्या शतकातील परिवर्तन

पंथभेद मिटविण्याचे प्रयत्न पुढे संस्थात्मक पातळीवर झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च अस्तित्वात आले. दुसरीकडे राज्यसंस्थेच्या नोंदींनी नवा प्रश्न निर्माण केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित राहिला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध समाजाचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती समाजाचा झाला नाही. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील नाव हा केवळ श्रद्धेचा पुरावा न राहता शिक्षण व नोकरीच्या सवलतींशी निगडित झाला. मंडळीत उघडपणे सामील होण्याची किंमत दलित ख्रिस्ती कुटुंबास वेगळ्या स्वरूपात पुन्हा मोजावी लागली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, मराठी ख्रिस्ती अस्मिता केवळ व्यक्तीच्या अंतःकरणात घडली नाही. ती गावोगावच्या मंडळ्यांत घडली. रमाबाई व टिळक यांचा विरोध सहजीवनास नव्हता. परकीय नियंत्रणास आणि आयात पंथभेदास होता. दोघांनीही जुनी चौकट नाकारताना नवा समुदायच उभारला. मात्र मंडळी ही आसरा देते त्याचप्रमाणे सीमाही आखते. जातीच्या रेषा तिच्यात शिरू शकतात, हेही इतिहास दाखवितो. म्हणून एखाद्या मंडळीचे मोल तिच्या सभासदसंख्येवरून ठरविणे अपुरे होय. ज्याला कोठेच जागा नाही, त्याला ती आपल्या पंगतीत जागा देते काय, हीच तिची खरी कसोटी ठरते.